वाचकांचे प्रश्न : डेबियन १३ आलंय, टाकायचं का?

९ ऑगस्ट २०२५ ला डेबियन (लिनक्सवरची मोफत ऑपरेटिंग सिस्टम) १३, कोडनेम ट्रिक्सी, फायनल झालं आणि तेव्हापासून याचेच प्रश्न येतायत, म्हणून या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवलेत.

प्रश्न : हौसेने टाकलं पण उघडल्यावर काहीच वेगळं दिसेना. दोन वर्षं काय करत होते हे लोक? (एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर : ही तक्रार डेबियनवाले कौतुक म्हणूनच घेतील बघा. त्यांचं स्टेबल व्हर्जन मुद्दामच असं कंटाळवाणं असतं, आणि मला तरी ते तसंच आवडतं. बाकी आधीच्या १२ शी ताडून बघितलंत तर बदल बरेच आहेत, कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, ६.१ चं ६.१२ झालंय, डेस्कटॉपांपैकी ग्नोम ४३ वरून थेट ४८, केडीई प्लाझ्मा ५.२७ वरून ६.३, त्यामुळे केडीई वापरत असाल तर फरक लगेच जाणवेल, ग्नोममध्ये जरा शोधावा लागतो. शोधाच मात्र, कारण सेटिंग्जमध्ये पॉवरखाली बॅटरी पूर्ण चार्ज होऊ न देता जपायची सोय आलीय, लॅपटॉप सपोर्ट करत असेल तर दिसेल. मला स्वतःला सगळ्यात भावलं ते एपीटी ३.०, म्हणजे टर्मिनलमधून प्रोग्रॅम टाकायचं-काढायचं साधन. आधी काहीही इन्स्टॉल करताना नावांचा एक सलग ढीग यायचा आणि आपण न वाचता ‘वाय’ दाबून मोकळे व्हायचो, आता येणारी पॅकेजेस हिरव्यात आणि उडणारी लाल रंगात नीट रांगेत दिसतात. लाल यादीत तुमच्या डेस्कटॉपचंच नाव दिसलं तर हात आपोआप थांबतो.

प्रश्न : बाबांचा लॅपटॉप जुना, ४ जीबी रॅम, विंडोज ११ ला तो चालत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. यावर हे चालेल का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : चालेल, फक्त ग्नोम नको, एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप घ्या. आधी लाइव्ह इमेज (इन्स्टॉल न करता चालणारी आवृत्ती) पेनड्राइव्हवर घालून बूट करा, वायफाय, आवाज, बाबांचा प्रिंटर सगळं बघा आणि मगच हार्डडिस्कला हात लावा. वायफायचं फर्मवेअर हुडकत बसायचं दुखणं १२ पासूनच गेलंय, ते आता इन्स्टॉलरमध्येच असतं.

एक गोष्ट मात्र ४ जीबीवाल्यांनी लक्षात ठेवायची. तात्पुरत्या फाइलींचा टीएमपी (/tmp) फोल्डर आता डिस्कवर नसून रॅममध्ये असतो आणि तो निम्म्या रॅमपर्यंत फुगू शकतो. म्हणजे कुठल्या प्रोग्रॅमने दीड जीबीची फाइल तिथे टाकली की तेवढी रॅम गेली, आणि मशीन रीस्टार्ट केलं की फाइलही गेली. ‘तात्पुरतं ठेवलंय’ म्हणून तिथे कामाच्या गोष्टी ठेवायची सवय असेल तर सोडा. हे नकोच असेल तर रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला युजर, होऊन ‘सिस्टमसीटीएल मास्क टीएमपी डॉट माउंट’ (systemctl mask tmp.mount) चालवा आणि रीबूट करा, जुनी पद्धत परत येते.

प्रश्न : माझ्याकडे २००९ चा नेटबुक आहे, त्याला चालणारा इन्स्टॉलरच सापडत नाही. (एक शिक्षिका, रत्नागिरी)

उत्तर : सापडणार नाही, कारण तो नाहीच. ३२-बिट पीसीसाठी १३ मध्ये ना कर्नल ना इन्स्टॉलर, जुने ३२-बिट प्रोग्रॅम ६४-बिट मशीनवर चालावेत एवढ्यापुरतंच ते शिल्लक ठेवलंय. पण आधी खात्री करा, खूप जणांच्या मशीनवर विंडोज ३२-बिट असतं आणि प्रोसेसर मात्र ६४-बिट, कोअर टू ड्युओवाल्यांचं तर हमखास. कुठल्याही लिनक्सच्या टर्मिनलमध्ये ‘एलएससीपीयू’ (lscpu) टाइप करा आणि ऑप-मोडच्या ओळीत ६४ दिसतंय का ते बघा. ॲटम एन २७० असेल तर नाही दिसणार, मग १२ वरच राहा.

प्रश्न : सूडो (रूटच्या अधिकाराने कमांड चालवायची सोय) चालत नाही, ‘तुम्ही सूडोअर्समध्ये नाही’ अशा अर्थाचं काहीतरी येतं. पासवर्ड बरोबर आहे!

उत्तर : असणारच. इन्स्टॉल करताना रूटचा पासवर्ड विचारला तेव्हा तुम्ही तो भरलात, बरोबर? तो भरला की डेबियन तुमच्या युजरला सूडो देत नाही, रिकामा सोडला की देतं. हे जुनंच आहे आणि स्क्रीनवर लिहिलेलंही असतं पण तिथे कोण वाचतंय. आता रूटने लॉगिन करून तुमचा युजर सूडो ग्रुपमध्ये घाला, मग लॉगआउट करून परत या.

प्रश्न : मराठी टायपिंगचं काय? आमची डीटीपीची कामं आहेत. (एक मुद्रक, कोल्हापूर)

उत्तर : युनिकोड असेल तर काहीच अडचण नाही. आयबस एम१७एन (ibus-m17n) हे भारतीय भाषांच्या टायपिंगचं पॅकेज टाका, कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट जोडा, ग्नोममध्ये विंडोज की आणि स्पेस दाबलं की भाषा बदलते. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य शिफ्ट-जे, मग डी, मग य असा येतो. पण तुमच्या फाइली श्री-लिपीसारख्या जुन्या एन्कोडिंगमध्ये असतील तर त्या आधी युनिकोडमध्ये करून घ्याव्या लागतील, तोवर विंडोजचं एक मशीन ठेवाच.

प्रश्न : दुकानाचं बिलिंग १२ वर छान चालतंय. आत्ताच बदलू?

उत्तर : काही घाई नाही. १२ चा नेहमीचा सपोर्ट जून २०२६ पर्यंतचा आणि त्यापुढे जून २०२८ पर्यंत एलटीएसचा, म्हणजे जास्तीच्या मुदतीचा. करायचंच असेल तर आधी बॅकअप घ्या आणि बूट पार्टिशन वेगळं असेल तर त्यात ३०० एमबी तरी मोकळी आहे ना ते बघा, जुन्या इन्स्टॉलमध्ये ते हमखास कमी पडतं. आणि दिवाळीच्या गर्दीत नको, नंतर करा.