पंपाचं नंतर बघू, आधी उतार सांगा

प्रश्न : काका, सप्रेम नमस्कार. मी कॅनडात मिसिसागाला राहतो. सडबरीच्या उत्तरेला जंगलात आम्ही नवरा-बायकोनं छोटी लाकडी केबिन घेतली आहे. लाईट तिथवर आलेली नाही आणि स्वतः तार ओढून घेणं परवडणारं नाही. २०० फुटांची बोअर आहे, पाणी ६० फुटांवर लागतं. बोअरपासून केबिन ४० फूट, थोडी चढावर. चर खणायला गेलो तर दीड फुटावर कातळ लागला. हिवाळ्यात शुक्रवारी रात्री पोचतो, रविवारी दुपारी निघतो. थंडी उणे ३० पर्यंत जाते. दुकानदार म्हणतो, बॅटरी कशाला, सोलर पॅनेल थेट पंपाला जोडा आणि पाइपला हीटिंग केबल गुंडाळा. जळगावचे बाबा म्हणतात, उंचावर टाकी ठेव, बाकी काही लागत नाही. कुणाचं ऐकू?

उत्तर : अर्धं बाबांचं ऐका. दुकानदाराचं एकही नको.

मी मूळचा इस्लामपूरचा. तरुणपणी मोटारी रिवाइंड केल्या, बोअरमध्ये पंप सोडले. मग २६ वर्षं कॅनडात, त्यातले १४ हिवाळे अशाच एका केबिनमध्ये येऊन-जाऊन. आपल्याकडे पाण्याचा प्रश्न म्हणजे पाणी वर कसं आणायचं. तुमच्याकडे तो प्रश्नच नाही. हिशेब करून दाखवतो. २०० लिटर पाणी १०० फूट चढवायला, पंपाची गळती-घसट धरून, साधारण ५० वॅट-तास लागतात. म्हणजे ९ वॅटचा एलईडी बल्ब साडेपाच तास लावला तेवढंच. आता ती केबल बघा. फुटाला ५ वॅट, ४० फुटांना २०० वॅट, दिवसाला ४.८ युनिट. पाणी चढवायला लागते त्याच्या जवळजवळ शंभरपट वीज नुसता पाइप ऊबदार ठेवायला. डिसेंबरात तिथे भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम २० अंश वर येतो. चांगल्या दिवशीसुद्धा पॅनेलला पुऱ्या उन्हाचे दीड-दोन तास मिळाले तर नशीब. एकट्या केबलसाठी तीन किलोवॅटची पॅनेलं लावाल, आणि सलग चार दिवस ढग आले की तरीही पाइप फुटेल.

म्हणून पाइप तापवायचा नाही. रिकामा ठेवायचा.

पंप बंद झाला की पाइपमधलं सगळं पाणी आपोआप बोअरमध्ये परत गेलं पाहिजे. त्यासाठी बोअरमधल्या उभ्या पाइपला जमिनीखाली १२ फुटांवर ३ मिलिमीटरचं एक भोक पाडायचं. हो, मुद्दाम. पंप चालू असताना तिथून थोडं पाणी वाया जातं, जाऊ दे, बोअरमध्येच पडतंय. बंद केला की भोकाच्या वरचं सगळं तिथून गळून जातं. त्या भोकाच्या वर एनआरव्ही, म्हणजे पाणी मागे येऊ न देणारा व्हॉल्व्ह, कुठेही बसवायचा नाही. आपला हात सवयीनं तो बसवायला जातोच, माझाही गेला होता. खोल जमीन मिळाली असती तर आडवा पाइप गोठणरेषेखालून, म्हणजे जमीन गोठते त्याच्याही खालून, नेला असता, पण तुमचा कातळ ऐकणार नाही. तेव्हा तो वरूनच न्या, फोमच्या वेष्टनात, लाकडी फळीवर, केबिनकडून बोअरकडे सलग उतार देऊन. ५० फुटांना एक फूट पुरे, पण सलग. माझ्या पाइपला दोन क्लॅम्पांच्या मध्ये वीतभर झोळ पडला होता. त्या झोळात राहिलं असेल पेलाभर पाणी. त्याचा असा बूच बसला की मार्चपर्यंत हलला नाही. बायकोनं तीन महिने बर्फ वितळवून भांडी घासली आणि त्याबद्दल अजून ऐकवते.

दुसरी चूक याहून शहाणी होती. पाइपचं तोंड मी टाकीत तळापर्यंत सोडलं होतं, पाणी पडल्याचा आवाज नको म्हणून. संध्याकाळी टाकी भरली, सकाळी चहाला पाणी घ्यायला गेलो तर टाकी कोरडी. पाणी उलटं ओढलं जाऊन रात्रभरात त्या भोकातून बोअरमध्ये गेलं होतं. पेट्रोल काढताना नळी तोंडानं ओढतात ना, तसंच. पाइपचं तोंड टाकीतल्या पाण्याच्या वर, उघड्या हवेत हवं. आवाज होईल. होऊ दे.

आता थेट पॅनेलवर पंप का नको. डिसेंबरच्या फिक्या उन्हात पंप पुरता फिरत नाही, पाण्याची करंगळीएवढी धार येते. बोअरचं पाणी ५-६ अंशांचं. ती धार उणे ३० च्या पाइपमधून रांगत निघाली तर वाटेतच आतून बर्फाचा थर धरते. तुम्हाला हवा जोर: मिनिटाला ८-१० लिटर, वीस-पंचवीस मिनिटं, मग बंद. त्याला बॅटरीच लागते. शिवाय तुम्ही पोचता रात्री, तेव्हा ऊन कुठलं?

बॅटरी कुठली ते विचारलं नाहीत, पण सांगतो. लिथियमची बॅटरी शून्याखाली चार्ज करायची नसते, आणि तुमची केबिन आठवडाभर थंडगार पडून असणार. शिशाची सीलबंद बॅटरी घ्या आणि भरलेली ठेवून निघा. भरलेली असली तर उणे ५० लाही गोठत नाही. रिकामी सोडलीत तर उणे १० च्या आसपासच गोठून फुटते. पॅनेल दक्षिणेच्या भिंतीवर जवळजवळ उभी लावा, बर्फ साचत नाही. एक खोच मात्र आहे. थंडीत पॅनेलचा व्होल्टेज चढतो. ४५ व्होल्टची तीन ओळीनं जोडली तर कागदावर १३५, पण उणे ३५ ला १५८-१६०. पॅनेल आणि बॅटरीच्या मध्ये बसतो तो १५० ची मर्यादा असलेला कंट्रोलर तिथेच जळतो. दोनच जोडा.

बाबांची टाकी घ्या, पण गच्चीवर नाही, आत माळ्यावर. २०० लिटर म्हणजे २०० किलो, आधी खालची तुळई बघा. दहा फुटांच्या उंचीनं शॉवरला जोर येत नाही. बादली-तांब्यानं अंघोळ करा, बाबाही खूश होतील. शुक्रवारी रात्री गाडीतून २० लिटरचा कॅन न्या. शेगडी पेटवा, झोपा, सकाळी माळा ऊबदार झाला की मगच टाकी भरा. पहिल्यांदा वापरण्याआधी पाणी तपासून घ्या.

रविवारी निघताना टाकीचा तळाचा कॉक उघडा, घरातले सगळे नळ उघडे सोडा. मोरीच्या आणि संडासच्या वाकड्या पाइपात पाणी राहतंच. त्यात कॅम्पर-गाड्यांसाठी मिळतं ते गुलाबी प्रॉपिलीन ग्लायकॉल ओता. गाडीच्या रेडिएटरचं हिरवं ओतू नका, ते विष आहे.

पत्रात चढ 'थोडी' लिहिलीत. थोडी म्हणजे किती? पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी लेव्हल काढतात तशी बोअरच्या तोंडापासून माळ्यापर्यंत काढा आणि इंचात कळवा. मग पाइप केवढा घ्यायचा ते सांगतो.