लोकरीचा सूट घरी वॉशिंग मशीनमध्ये धुता येतो का?

लोकरीचा सूट, विशेषतः त्याचा कोट, मशीनमध्ये धुऊ नये. गरम पाण्यात घुसळल्याने लोकरीच्या तंतूंवरील सूक्ष्म खवले एकमेकांत अडकून कापड आटते, आणि छातीच्या भागात आतून चिकटवलेले बकरम (कोटाला आकार देणारे कडक कापड) सुटले तर वर फुगे येतात, जे इस्त्रीनेही सहसा बसत नाहीत. त्याऐवजी वापरानंतर मऊ ब्रशने धूळ झाडून, खिसे रिकामे करून, तो रुंद खांद्यांच्या हँगरवर मोकळ्या हवेत टांगावा. डाग ताजा असतानाच ओलसर पांढऱ्या फडक्याने टिपावा, घासू नये. इस्त्री नेहमी मध्ये सुती फडके ठेवूनच करावी, अन्यथा गडद कापडाला चकाकी येते. मात्र आतील लेबलवर पाण्याच्या टबाचे चिन्ह असून त्यावर फुली नसेल, तर लेबलवरील सूचनेप्रमाणे धुण्यास हरकत नाही.