संस्कृतीनुसार ‘चांगला नेता’ ही कल्पना बदलते का?

हो, आणि आपल्याला वाटतं त्याहून जास्त. समजा, बैठकीत साहेब म्हणाले, “मला नीट उमगत नाहीये, तुम्हाला काय वाटतं?” मोकळेपणाने वरिष्ठांशी वाद घालत वाढलेल्याला हा मोठेपणा वाटतो. वरच्याने सांगायचं नि खालच्याने ऐकायचं, अशात वाढलेला मात्र वहीत बघत बसतो. यांनाच माहीत नाही, तर आम्ही कुणाकडे बघायचं? डच समाजमानसशास्त्रज्ञ खेयर्ट हॉफस्टेड यांनी हेच ‘सत्ता-अंतर’, म्हणजे वरच्या-खालच्यातली दरी लोक किती गृहीत धरतात ते, देशोदेशी मोजलं. पण सगळंच बदलत नाही. ६२ समाजांतल्या व्यवस्थापकांच्या ‘ग्लोब’ अभ्यासात सचोटी सगळीकडे हवीशी निघाली. महत्त्वाकांक्षेवर मात्र मतं फाटली. तुमचा गट मिश्र असेल, तर गप्प बसणाऱ्यांना बिनमताचं समजू नका, प्लीज. बैठकीआधी त्यांना एकेकटं गाठून विचारा.