गिटारवर स्टॅकाटो पिकिंगचा सराव कसा करावा? वेग वाढला की माझे दोन्ही हात जुळत नाहीत

स्टॅकाटोत, म्हणजे प्रत्येक नोट (सूर) सुटी, मध्ये शांतता ठेवून वाजवताना, नोट वाजवण्यापेक्षा ती थांबवण्याकडे जास्त लक्ष द्या. हात न जुळण्याची अडचणही तिथेच सुटते.

डाउनस्ट्रोक (वरून खाली छेडणं) झाला की पिक, म्हणजे तार छेडायची छोटी चकती, तारेच्या खालच्या बाजूला असतं. तिथूनच ते लगेच त्याच तारेला टेकवा. तार बंद होते आणि पिक अपस्ट्रोकसाठी (खालून वर छेडण्यासाठी) जागेवर येतं. अपस्ट्रोकनंतर तसंच, पण वरच्या बाजूने. मधल्या शांततेत डाव्या हाताला बोट बदलायला वेळ मिळतो. सलग वाजवताना हा वेळ इतका कमी असतो की चूक नेमकी कुठल्या हाताची हेच कळत नाही.

इलेक्ट्रिक गिटार असेल तर टोन क्लीन (साधा, स्वच्छ) ठेवा, रिव्हर्ब (घुमारा) आणि डिले (प्रतिध्वनी) बंद. डिस्टॉर्शनमध्ये (मुद्दाम खरखरीत केलेल्या आवाजात) जोराचा आणि हलका स्ट्रोक जवळपास सारखाच ऐकू येतो, म्हणून ते नंतर. पिक १ मिमी किंवा जाड घ्या, अंगठ्याबाहेर टोक २-३ मिमीच ठेवा. पातळ पिक टेकवताना वाकतं आणि निसटतं.

मेट्रोनोम (ठराविक वेगाने ठोके देणारं यंत्र) ६० वर, म्हणजे मिनिटाला ६० ठोक्यांवर लावा. तिसरी तार (सर्वांत बारीक तारेपासून मोजून), पाचवा फ्रेट (दांडीवरच्या आडव्या धातूपट्ट्यांनी पाडलेला घर), प्रत्येक ठोक्याला एक नोट. अर्धा सेकंद आवाज, अर्धा सेकंद शांतता. शांतता ठोक्यांच्या बरोबर मध्ये सुरू व्हायला हवी, ‘एक-आणि-दोन-आणि’ मोजताना ‘आणि’वर. हे जमलं की ५-६-७-८ फ्रेट, चार बोटं. क्रम असा: वाजवा, पिक टेकवा, बोट बदला, ठोक्याची वाट पाहा. ‘वाट पाहा’ वगळू नका, दोन्ही हात आधी तयार राहण्याची सवय तिथेच लागते.

चूक कानाने ओळखा. नुसता ‘टक’ आला, सूर नाही, तर बोट पूर्ण दाबलं जाण्याआधीच पिक वाजलंय. डावा हात उशिरा आहे. पिकच्या आधीच पुसट सूर ऐकू आला तर बोट तारेवर आपटतंय. ते दाबायचं असतं. ‘झर्र’ झालं तर पिक थरथरत्या तारेला घाबरत घाबरत टेकतंय, एकदम ठामपणे टेकवा. पाचव्या किंवा सातव्या फ्रेटवर घंटीसारखा बारीक आवाज आला तर तो हार्मोनिक आहे, म्हणजे तारेला ठराविक जागी हलका स्पर्श झाल्यावर येणारा उंच सूर. बोटाचा दाब सुटला, पण बोट तारेला हलकं लागून राहिलं की तिथे तो हमखास येतो. शेजारचं आणखी एक बोट तारेवर नुसतं टेकवलं की जातो.

चार फेऱ्या स्वच्छ झाल्या की ४-५ बीपीएम (मिनिटाला ठोके) वाढवा. ८०-९० ला पोहोचलात की परत ६० वर येऊन ठोक्याला दोन नोट्स, मग चार. ठोक्याला चार म्हणजे ६० वर एका नोटला पाव सेकंद, त्यातला निम्मा शांततेचा. इथून पुढे एक मात्राचक्र स्टॅकाटो आणि एक सलग, असं आलटून पालटून वाजवा. सलग चक्रात नोट्स एकमेकांत मिसळल्या तर वेग १० ने उतरवा.

तार बदलताना पिक पुढच्या तारेवर जाऊन टेकतं, म्हणजे आधीची तार त्याने बंद होत नाही. ती डाव्या बोटाचा दाब सोडून बंद करावी लागते. पण बोट उचलू नका, नाहीतर मोकळी तार वाजते. बारीक तारांकडे जाताना मागे राहिलेल्या जाड तारांवर उजव्या तळव्याची कड टेकलेली असू द्या. उलट दिशेने येताना बारीक तारा तर्जनीच्या आतल्या बाजूने झाकल्या जातात, त्यासाठी ती थोडी आडवी हवी. सुरुवातीला तिसरी आणि दुसरी, या दोनच तारा पुरेत.

दिवसाला दहा-पंधरा मिनिटं खूप झाली. कोपराखालचा स्नायू ताठ झाला तर थांबा. बहुतेकदा पिक गरजेपेक्षा जास्त आवळलेलं असतं. डिस्टॉर्शन लावाल तेव्हाही सरावात नॉइज गेट (हलका आवाज आपोआप बंद करणारं उपकरण) बंदच ठेवा. तुमच्या हाताने सोडलेला आवाज ते कापून टाकतं, आणि चूक ऐकूच येत नाही.