सर्नमध्ये सगळा डेटा साठवून मग निवांत मशीन लर्निंग का लावत नाहीत? पुण्यात इंजिनिअरिंग करताना यावर प्रोजेक्ट होऊ शकेल का?

साठवत नाहीत, कारण तेवढं साठवणं शक्यच नाही. सर्नच्या एलएचसी या कण-त्वरकामध्ये (कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रात) प्रोटॉनचे पुंजके दर 25 नॅनोसेकंदांनी एकमेकांना छेदतात, म्हणजे सेकंदाला 4 कोटी वेळा. या टकरी टिपणाऱ्या सीएमएस डिटेक्टरमधली एक घटना, म्हणजे एका छेदाची नोंद, ढोबळमानाने 1 मेगाबाइटची धरा, सेकंदाला 40 टेराबाइट होतात. म्हणून पहिल्या पायरीचा ट्रिगर, म्हणजे काय ठेवायचं ते त्याच क्षणी ठरवणारी यंत्रणा, त्यातल्या जेमतेम 1 लाख घटना पुढे सोडतो. उरलेल्या कायमच्या गेल्या, त्या परत कुणालाही मिळणार नाहीत.

निर्णयाला वेळ मिळतो सुमारे 4 मायक्रोसेकंद. तोवर डेटा डिटेक्टरवरच्या बफरमध्ये थांबतो, मग त्याच जागी नवा येतो. त्या वेळातलाही बराचसा केबलमधून सिग्नल नेण्यात जातो. उत्तर अचूक असूनही उशिरा आलं तर त्याचा काही उपयोग नाही. जीपीयू इथे बसत नाहीत, कारण त्यांच्यापर्यंत डेटा नेऊन परत आणण्यातच मुदत संपायला येते. पुढच्या पायरीवर वेळ जास्त असतो, तिथे सीएमएस 2022 पासून जीपीयू वापरतं.

पहिल्या पायरीवर एफपीजीए चालतात, म्हणजे ज्यांच्यातलं सर्किट आपल्याला हवं तसं बांधता येतं अशा चिप. मी पुण्यात एफपीजीए डिझाइनचं काम करते, त्यामुळे तुम्हाला खरी गंमत कुठे आहे ते सांगते. मॉडेल ट्रेन करणं हा यातला सोपा भाग. ते चिपवर मावणं आणि ठरल्या वेळेत दर वेळी उत्तर देणं हा कस लावणारा भाग. एचएलएसफॉरएमएल (hls4ml) हे खुलं साधन पायथनमधल्या मॉडेलचं एफपीजीएसाठी रूपांतर करतं. त्याच्या 2018 च्या पेपरमधलं जेट (टकरीतून एकाच दिशेने उडालेला कणांचा झोत) ओळखणारं नेटवर्क बघा: 16 इनपुट, मग 64, 32, 32 आणि शेवटी 5 आउटपुट. गुणाकार मोजा, 4,256 भरतात. विद्यार्थी वापरतात त्या पिंक-झेड2 बोर्डावरच्या चिपमध्ये गुणाकाराचे डीएसपी ब्लॉक आहेत 220. म्हणजे एकतर तोच ब्लॉक पुन्हा पुन्हा वापरायचा आणि वेळ वाढवायचा, किंवा बिनकामाची वेट्स (नेटवर्क ज्यांनी गुणतं ते आकडे) छाटून, उरलेली 6-8 बिटांवर आणून नेटवर्क बारीक करायचं. ट्रिगरमध्ये पहिला पर्याय फारसा परवडत नाही, कारण आधीच्या घटनेचं उत्तर यायच्या आत पुढची दारात उभी असते.

बिट कमी करताना एका गोष्टीकडे डोळ्यांत तेल घालून बघा. एकूण 16 बिट आणि त्यातले 6 पूर्णांकाचे ठेवले, तर आकडा उणे 32 पासून 32 च्या किंचित खालपर्यंतच मावतो. 32.5 आला तर एचएलएसच्या (कोडवरून सर्किट बनवणाऱ्या साधनाच्या) डिफॉल्ट सेटिंगमध्ये तो उणे 31.5 होऊन बसतो, आणि एररही येत नाही. प्रचंड ऊर्जेचा जेट, म्हणजे नेमका आपल्याला हवा असलेला, असा उलटा होऊन फेकला जाईल. सॅच्युरेशन चालू करा, म्हणजे आकडा उलटा न होता कमाल मर्यादेवर थांबेल, किंवा इनपुट आधीच आटोक्यात आणा.

या क्षेत्रातलं मला सर्वांत मोलाचं वाटणारं काम म्हणजे सीएमएसचा ॲक्सोलॉटल ट्रिगर. नेहमीचे ट्रिगर आपल्याला ठाऊक असलेल्या खुणा शोधतात. हा ऑटोएन्कोडर (डेटा आक्रसून पुन्हा उभा करायला शिकणारं नेटवर्क) कुठलीही निवड न लावलेल्या डेटावर शिकतो आणि जे नेहमीसारखं दिसत नाही ते राखून ठेवतो. कुणी कल्पनाच केली नव्हती असं काही त्या 4 कोटींत असेल, तर ते निदान डिस्कवर तरी पोहोचावं, एवढ्यासाठी ही धडपड. चिपवर तर त्यातला फक्त आक्रसणारा अर्धा भाग, म्हणजे एन्कोडर चालतो, कारण घटना किती वेगळी आहे याचे गुण तेवढ्यानेच देता येतात.

अणुकेंद्रीय भौतिकीत वेग एवढा नसतो, म्हणून प्रोजेक्टला ती बाजू सोयीची. द्रव सिंटिलेटरमध्ये (किरणोत्सार पडला की चमकणाऱ्या द्रवात) न्यूट्रॉनच्या पल्सची शेपटी गॅमापेक्षा लांब असते. शेपटीचं क्षेत्रफळ भागिले पूर्ण पल्सचं क्षेत्रफळ, एवढ्यावर दोन्ही बऱ्यापैकी वेगळे होतात. कमी ऊर्जेला किंवा दोन पल्स एकमेकांवर चढल्या की हे गणित गडबडतं. तिथे छोटं नेटवर्क लावून बघण्यात अर्थ आहे. आधी साधी पद्धत करा आणि तिच्याशी तुलना करा. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत विजेच्या तारांच्या ठिणग्यांचा गोंगाट एफपीजीएवर त्याच क्षणी गाळला जातो, तोही नेटवर्कशिवाय, निव्वळ सांख्यिकी मर्यादा लावून. जिथे मर्यादा पुरते तिथे मशीन लर्निंग घुसवू नका.

पाषाणच्या आयसर या विज्ञान संस्थेचा गट सीएमएसमध्ये आहे. तिथली व्याख्यानं ऐका, प्रश्न विचारा. बोर्डासाठी लगेच तापकीर गल्लीतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार गाठायची गरज नाही. व्हिवाडो या एफपीजीए डिझाइनच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती पिंक-झेड2 च्या चिपला चालते, जेटचा सिम्युलेटेड डेटा खुला आहे, आणि सिंथेसिसच्या (कोडचं सर्किट बनवण्याच्या) रिपोर्टमध्ये लेटन्सी म्हणजे उत्तराला लागणारा वेळ, डीएसपी, लुकअप टेबल म्हणजे चिपवरचे तर्काचे छोटे ब्लॉक, सगळं मिळतं. अहवालात अचूकतेच्या शेजारी हे तीन आकडे 16, 8 आणि 6 बिटांसाठी लावा. परीक्षकांनी काही विचारलं तर ते तिथूनच विचारतील.