आधी जुना ब्लॉक ताब्यात घ्या

प्रश्न : वकीलसाहेब, माझे वय २७, राहणार जुळे सोलापूर. वडिलांचा चादरी-टॉवेलचा घाऊक व्यापार आहे. २०२२ मध्ये त्यांच्या नावावर मी सेकंडहँड मित्सुबिशी लान्सर इव्होल्युशन टेन घेतली. जपानहून तयार आलेली गाडी, नोंदणी मार्च २०११ ची. पुण्याच्या एका गॅरेजमधून ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) रिमॅप करून घेतला, म्हणजे त्याचे सॉफ्टवेअर बदलून घेतले. मोठा टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा), कॅट म्हणजे धूर शुद्ध करणारा भाग काढलेला डाउनपाइप, स्टेनलेसचा एक्झॉस्ट आणि गाडीची उंची कमी करणारे कॉइलओव्हर स्प्रिंग बसवले. गेल्या मे महिन्यात तुळजापूर रस्त्यावर इंजिन निकामी झाले. त्याच गॅरेजने जपानी हाफकटमधले (अर्धी कापून आयात केलेल्या जुन्या गाडीतले) त्याच मॉडेलचे जुने इंजिन बसवून दिले. आता होटगी रोडवर आरटीओच्या वायुवेग पथकाने आवाजावरून अडवले, बॉनेट उघडले, तर इंजिन नंबर आरसीशी जुळेना. ई-चलान झाले, गाडी आरटीओच्या आवारात आहे आणि नोंदणी निलंबित किंवा रद्द का करू नये, अशी नोटीस आली आहे. सायलेन्सरच्या दंडाविरुद्ध लढता येईल का? रिमॅप म्हणजे नुसते सॉफ्टवेअर, ते कसे सिद्ध करणार? गॅरेजवाला म्हणतो, गाडी सुटली की नव्या ब्लॉकवर (इंजिनाच्या मुख्य सांगाड्यावर) जुना नंबर ठोकून देतो. नोटीस मी दुकानातल्या खणात ठेवली आहे, वडिलांना अजून काही माहीत नाही.

उत्तर : तुमच्या मूळ पत्राची दोन पाने सायलेन्सरवर आहेत आणि इंजिन नंबरवर जेमतेम तीन ओळी. मी उलटे करणार आहे. सायलेन्सर काढून ठेवला की तो विषय दंडावर मिटतो. इंजिन नंबरावरून मात्र गाडीची नोंदणीच जाऊ शकते.

पण त्याच्याही आधी वडील. आरसीवर मालक ते आहेत. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२अ आले. त्याचे पोटकलम ४ मालकालाच धरते : परवानगी नसलेला फेरफार केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. गाडी तुम्ही चालवली, गॅरेजवाल्याशी व्हॉट्सॲपवर घासाघीस तुम्ही केली, पण नोटिशीवर नाव त्यांचे आहे. उत्तर त्यांच्या सहीने जायला हवे आणि वकीलपत्रही त्यांनीच द्यायला हवे. त्यांची सही तुम्ही मारलीत तर प्रकरण मोटार वाहन कायद्यापुरते राहणार नाही. आज रात्री जेवणे झाली की नोटीस त्यांच्या हातात द्या. ओरडतील. ओरडू द्या.

आता नोटीस. तिच्यात दोन कलमे एकत्र आहेत आणि त्यांचे वजन सारखे नाही. कलम ५३ हे निलंबनाचे आहे. गाडी नियमांत बसत नाही असे अधिकाऱ्याला वाटले तर तो दोष दूर होईपर्यंत नोंदणी थांबवू शकतो. आवाज, धूर, उंची कमी केलेली गाडी हे सगळे त्यात येते आणि सुधारता येते. फक्त वेळ काढू नका, कारण निलंबन सलग सहा महिने टिकले तर कलम ५४ खाली नोंदणी रद्दही होऊ शकते. कलम ५५, पोटकलम ५ मात्र थेट रद्द करण्याचे आहे. गाडीवर कोरलेला इंजिन किंवा चासी नंबर आरसीतल्या नंबरापेक्षा वेगळा निघाला, तर मालकाचे म्हणणे ऐकून आणि कारणे लिहून नोंदणी रद्द करायची, असे ते सांगते. यात वाव उरतो तो ‘म्हणणे ऐकून’ एवढाच. म्हणून ते म्हणणे भक्कम हवे.

गॅरेजवाल्याची नंबर ठोकायची सूचना तुम्ही प्रामाणिकपणे कळवलीत हे बरे केलेत. ती पुन्हा कोणापाशी बोलू नका. निरीक्षकाने नव्या इंजिनाचा नंबर तपासणी अहवालात आधीच उतरवून घेतला आहे, बहुधा फोटोही आहे. उद्या त्याच ब्लॉकवर दुसरा नंबर दिसला तर आज जी परवानगी न घेतल्याची चूक आहे, ती बनावटीकरण होईल. मग कागद आरटीओतून पोलीस ठाण्यात जातो. गॅरेजवाला त्या दिवशी फोन उचलणार नाही, हे मी लिहून देतो.

माझा तुम्हाला पहिला प्रश्न असा : जुना ब्लॉक कुठे आहे? इंजिन नंबर ब्लॉकवर असतो, हेडवर किंवा टर्बोवर नाही. मे महिन्यात पिस्टन गेला असेल, सिलिंडरची आतली अस्तरे (लायनर) ओरबाडली असतील, पण ब्लॉक पूर्ण फुटला नसेल तर तो दुरुस्त होऊ शकतो. काम महाग आहे आणि ते कोणाही मेकॅनिकचे नाही. तरीही आरसीवरचा नंबर असलेला मूळ ब्लॉक दुरुस्त होऊन परत बॉनेटखाली बसला तर कलम ५५ चा पायाच निघून जातो. नंबर जुळतो, वाद संपतो. म्हणून पत्र वाचून झाल्याबरोबर पुण्याला जा आणि तो ब्लॉक ताब्यात घ्या. भंगारात गेला असेल तर कोणाला, कधी विकला याची चिठ्ठी घ्या. ब्लॉक मिळाला तर नंबर स्पष्ट दिसेल असा फोटो काढा आणि गॅरेजकडून ‘या गाडीतून काढलेले मूळ इंजिन परत दिले’ असे लेखी घ्या.

ब्लॉक गेलाच असेल तर रस्ता लांबचा आहे, पण बंद नाही. इंजिन बदलणे मुळात गुन्हा नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी के. जयचंद्र प्रकरणात गाडीतल्या फेरफारांबद्दलच्या कलम ५२ चा अर्थ लावला. निर्मात्याने ठरवलेल्या मूळ वैशिष्ट्यांत बदल चालणार नाही, असे त्यात स्पष्ट आहे. पण त्याच वैशिष्ट्यांचे इंजिन मंजुरी घेऊन बदलता येते, हेही त्यातून निघते. तुमचे दुसरे इंजिन त्याच मॉडेलचे, त्याच जातीचे आहे, ही जमेची बाजू. मंजुरी आधी घेतली नाही, ही खर्चाची. म्हणण्यात हे लपवू नका : इंजिन निकामी झाले, त्याच प्रकारचे दुसरे बसवले, पूर्वपरवानगी राहिली, आता तपासणी करून नोंद घ्यावी. ‘नंबर बदलतो हे माहीतच नव्हते’ असे लिहू नका. तपासणाऱ्याला ते पटत नाही, आणि त्याने विश्वास न ठेवलेले एक वाक्य बाकीचीही वाक्ये खाली ओढते.

या रस्त्यावर दोन खड्डे आहेत. गॅरेजने ते इंजिन उघडून आत लांब स्ट्रोकचा क्रँक (पिस्टनची धाव आणि त्यामुळे सीसी वाढवणारा दांडा) टाकलेला नाही ना, हे लेखी घ्या. या गाड्यांना २.२ लिटरचे किट बसवायची या धंद्यात हौस असते. तुमच्या आरसीवर १९९८ सीसी आहे. आतली क्षमता वाढलेली असेल तर ते ‘त्याच जातीचे’ इंजिन राहत नाही आणि माझा युक्तिवाद तिथेच संपतो. दुसरा खड्डा कागदांचा. परदेशातून वापरलेले सुटे भाग आणायला परकीय व्यापार महासंचालनालयाची परवानगी लागते. त्या हाफकटची बिल ऑफ एन्ट्री (आयातीचा कस्टम्सचा कागद) आणि जीएसटीचे पक्के बिल गॅरेजने द्यायला हवे. आज तुमच्याकडे वहीच्या पानावरचा हिशेब आहे. बिल मिळत नसेल तर ते इंजिन आरसीवर चढवायचा आग्रह धरू नका. दुसरे, कागदांसह इंजिन शोधणे बरे, कारण कागदांविना आलेल्या मालाचा प्रश्न उद्या कस्टम्सही विचारू शकते.

रिमॅपबद्दल. ‘सॉफ्टवेअर दिसत नाही’ हा युक्तिवाद मला दर महिन्याला कोणीतरी ऐकवते. कलम ५२ च्या स्पष्टीकरणात फेरफार म्हणजे गाडीच्या रचनेत असा बदल, ज्याने तिचे मूळ वैशिष्ट्य बदलते, असे म्हटले आहे. नुसत्या रिमॅपला ‘रचना’ म्हणता येईल का, यावर वाद घालायला मलाही आवडेल. पण तुमची केस त्या वादाला लायक नाही. तुमचा रिमॅप एकटा नाही, त्याच्या सोबतीला डोळ्यांना दिसणारा टर्बो आहे आणि कॅट नसलेला पाइप आहे. नव्या आरसी कार्डावर सीसीच्या शेजारी अश्वशक्तीही छापलेली असते. शिवाय धूर आणि आवाजाचे मानक मोडले की कलम १९०, पोटकलम २ लागते, त्याला रचना वगैरे काही लागत नाही. पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि वर तीन महिने लायसन्स जाण्याची तरतूद. या बाजूने लढू नका. मूळ टर्बो, मूळ कॅट, मूळ सायलेन्सर, मूळ स्प्रिंग बसवा, ईसीयू कारखान्याच्या मूळ सॉफ्टवेअरवर आणा, मग फेरतपासणी मागा.

गाडी सोडवणे. नुसत्या सायलेन्सरसाठी गाडी अडकवून ठेवता येत नाही. कलम २०७ हे नोंदणी, लायसन्स किंवा परमिट नसलेल्या वाहनांचे आहे. ‘नंबर जुळत नाही म्हणजे ही नोंदणी या गाडीची नाही’ अशी त्यांची बाजू असणार. हा मुद्दा वादाचा आहे. तो लेखी अर्जात मांडू, आणि गाडी चालवत न नेता टोइंगने वर्कशॉपला नेऊन पूर्ववत करायची परवानगी मागू. असे अर्ज सहसा समजूतदारपणे पाहिले जातात. प्रकरण पोलिसांकडे गेले तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे ताबा मागता येतो. जप्त वाहने ठाण्यात सडवत ठेवू नयेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सुंदरभाई देसाई प्रकरणात सांगितले आहे. नोंदणीविरुद्ध आदेश झालाच तर तो मिळाल्यापासून ३० दिवसांत कलम ५७ खाली अपील. त्यानंतरच उच्च न्यायालय. तेही आता मुंबईला नाही : १८ ऑगस्ट २०२५ पासून सोलापूर जिल्हा कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहे.

गॅरेजवर दावा करता येईल का, हे तुम्ही विचारलेच नाही, आणि मला तो खरा हक्क वाटतो. पण त्याचे दोन भाग पाडावे लागतील. ट्यूनिंगचे पैसे परत मागायला गेलात तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला म्हणेल, काम बेकायदा होते हे यांनाही ठाऊक होते, आणि करार कायद्याचे कलम २३ पुढे करील. तो पैसा विसरा. इंजिनाचे तसे नाही. इंजिन बदलणे हे कायदेशीर काम, त्याची कागदपत्रे न देणे आणि आरसीवर नोंद करावी लागेल हे न सांगणे ही सेवेतली त्रुटी आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मुळे तक्रार तुम्ही राहता तिथेच, सोलापूरच्या जिल्हा आयोगात करता येते. रक्कम ५० लाखांच्या आत आहे, मुदत दोन वर्षे. यूपीआयच्या नोंदी आणि व्हॉट्सॲपचे संभाषण जपा.

गॅरेजचा बचाव मला आत्ताच दिसतो : साधे पेट्रोल भरले म्हणून इंजिन गेले. जपानातले हाय-ऑक्टेन पेट्रोल १०० ऑक्टेनच्या आसपासचे, आपल्या पंपावरचे साधे तेव्हा ९१ चे. टर्बोच्या वाढवलेल्या दाबावर, सोलापूरच्या मे महिन्यात, त्या ९१ वर इंजिन नॉक होणार, म्हणजे आत पेट्रोल अवेळी पेटून धक्के बसणार, हे रिमॅप करणाऱ्याला कळायला हवे. प्रश्न एवढाच, की कोणते पेट्रोल भरायचे हे त्याने तुम्हाला कधी लेखी सांगितले होते का? जुन्या चॅटमध्ये शोधा. जे सापडेल ते मला तसेच दाखवा, तुमच्या विरुद्ध असले तरी.

विम्याचे थोडक्यात. पॉलिसीवर जुना इंजिन नंबर आहे आणि एकही फेरफार कळवलेला नाही. अपघातात तिसऱ्या माणसाची भरपाई टाळायला विमा कंपनीला कायद्याने फार थोडी कारणे दिली आहेत, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा ती जवळजवळ नक्की नाकारेल. इंजिनाचा निकाल लागला की पॉलिसीत दुरुस्ती करून घ्या. तोवर गाडी सुटली तरी घरातून बाहेर काढू नका.

येत्या मार्चमध्ये नोंदणीला पंधरा वर्षे होतात, हे तुमच्या लक्षात आलेले दिसत नाही. नूतनीकरणाचा अर्ज नमुना २५ मध्ये, आणि आयात चारचाकीला त्याचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ४० हजार रुपये आहे. त्या वेळी निरीक्षक चासी आणि इंजिन नंबर पुन्हा पाहणारच. पथकाने होटगी रोडवर अडवले नसते तरी हे तेव्हा निघाले असते, वर मुदत संपलेल्या आरसीसह. म्हणून सगळे काम मार्चच्या आत संपवायचे, असे वेळापत्रक धरा.

चलान भरायला हरकत नाही. ते भरल्याने नोटीस संपत नाही, एवढे ध्यानात ठेवा. महामार्गावर वेग दाखवणाऱ्या तुमच्या रील्स मी पाहिल्या. नवीन टाकू नका, आणि नोटीस आल्यानंतर जुन्या पुसूही नका.

सोमवारी येताना वडिलांना घेऊन या. सोबत आरसी, विमा, नोटिशीचे पाकीट, कारण टपालाचा शिक्का मुदत मोजायला लागतो, वहीचे ते पान आणि आरटीओची पोच. तपासणी अहवालाची प्रत मागणारा व म्हणणे देण्यास मुदतवाढ मागणारा अर्ज त्याच दिवशी दाखल करू. काढलेला टर्बो आणि एक्झॉस्ट विकायचा विचार तुम्ही पत्राच्या शेवटी मांडला आहे. सध्या विकू नका. आयोगाने इंजिन का गेले याची तज्ज्ञाकडून तपासणी करायची ठरवली तर ते भाग लागतील.