प्रवाळावरचे ‘वर्म’: अळी, किडा की कृमी?

अमळनेर भागातील एका शिक्षिकाबाईंनी विचारले आहे की, आठवीच्या मुलांसाठी प्रवाळभित्तींवरील जीवसृष्टीचे टिपण मराठीत करताना ‘कोरल वर्म्स’साठी ‘प्रवाळअळ्या’ लिहावे, ‘प्रवाळकिडे’ लिहावे की ‘प्रवाळकृमी’, आणि हे सगळे जीव एकाच वर्गात दाखवले तर चालेल का. दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले असल्याने एकत्रच घेतो.

‘अळी’ हा शब्द आपल्या खानदेशात सर्वांत आधी जिभेवर येतो. अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होऊन तिची ‘अयी’ होते, एवढाच फरक. भरताचे वांगे निखाऱ्यावर ठेवण्याआधी आपण ते फिरवून पाहतो, देठाजवळ बारीक छिद्र दिसले की चिरतो, आणि आतल्या काळपट बोगद्यात ती सापडते. परंतु ही वांग्यातली अळी काय किंवा कपाशीच्या बोंडातली गुलाबी अळी काय, पुढे कोषात जाऊन पतंग होणार असते. म्हणजे ‘अळी’ हे प्राण्याचे नव्हे, तर त्याच्या वयाचे नाव आहे. इंग्रजीत बोंडअळीलाही ‘बोलवर्म’च म्हणतात, पण मराठीने तेथे ‘कृमी’ न घेता ‘अळी’ घेतली आणि केळीच्या मुळांत शिरणाऱ्या, जन्मभर तशाच राहणाऱ्या जीवांना मात्र ‘सूत्रकृमी’ म्हटले. हा भेद रावेर-यावलच्या केळी बागायतदाराच्या बोलण्यात आधीपासूनच आहे. प्रवाळावरचे ‘वर्म’ पूर्ण वाढलेले प्राणी असतात, अंडी देतात, आणि त्यांतल्या अनेकांच्या अंड्यांतून पाण्यात तरंगणारी बाल्यावस्था बाहेर पडते. मोठ्यालाच अळी म्हटले, तर तिला काय म्हणणार?

‘किडा’ नको, याचे एक कारण म्हणजे शास्त्रीय लेखनात त्यातून सहा पायांचा कीटक सूचित होतो. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते: ‘किडा’ म्हटले की पाठोपाठ ‘किडणे’ येते, आणि मुलांना वाटेल की या जीवांमुळे प्रवाळ किडते. काहींच्या बाबतीत ते खरे आहे, सर्वांच्या नाही.

उरला ‘कृमी’. तो संस्कृतातून आलेला आणि मुळातच सैल शब्द आहे. आपला ‘किरमिजी’ रंग फारसी-अरबीमार्गे आला असला, तरी त्याचे मूळ ‘कृमिज’ या शब्दाशी जोडले जाते, आणि तो रंग देणारा जीव वास्तविक झाडावरचा खवलेकीटक होता. हा सैलपणा केवळ आपल्याकडेच होता असे नाही. सजीवांच्या शास्त्रीय वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनीअसने १७५८ साली ‘व्हर्मीस’ म्हणजे ‘कृमी’ या वर्गात गोगलगाय, माकूळ, तारामासा यांच्यासह प्रवाळही घातले होते. त्या हिशेबाने प्रवाळावरचा कृमी हा कृमीवरचाच कृमी ठरतो! तो वर्ग पुढे मोडला. आता ‘कृमी’ हा शब्द लांबट, मऊ, पाय नसलेल्या अंगाचे वर्णन करतो, कुळी सांगत नाही. म्हणून ‘प्रवाळकृमी’ हा शब्द ‘बांधावरची झाडे’ यासारखा, राहण्याच्या जागेवरून पडलेला समजावा.

कुळी किती वेगळ्या असतात ते पाहा. इंग्रजीत ज्याला नाताळच्या झाडाचे नाव आहे, तो स्पायरोब्रँकस हा गांडुळाच्याच, म्हणजे वलयी संघातला (संघ म्हणजे प्राणिसृष्टीतला मोठा गट) आहे. त्याची बाल्यावस्था जिवंत प्रवाळावर बसते, चुन्याची नळी रचते, आणि प्रवाळ तिच्याभोवती वाढत जाते. अंग कायम नळीत राहते. बाहेर दिसतात ते दोन मळसूत्री तुरे, ज्यांनी तो श्वास घेतो आणि अन्नकण गाळतो. अंगावर सावली पडली की तुरे क्षणात आत जातात आणि नळीच्या तोंडावर झाकण बसते. मराठीत मी त्याला ‘तुरेवाला नळीकृमी’ म्हणेन; नाताळचे झाड शब्दशः आणण्याची गरज नाही. अमाकुसाप्लाना ॲक्रोपोरी हा मात्र चपटकृमी आहे. २०११ साली वर्णन झालेला हा जीव ॲक्रोपोरा प्रवाळाचे मांस खातो आणि मागे फिकट गोल डाग सोडतो.

वामिनोआ हा काही मिलिमीटरचा, अंगातल्या शैवलांमुळे तपकिरी दिसणारा चपटा जीवही पूर्वी चपटकृमींतच मोडत असे. जनुकीय अभ्यासानंतर त्याचा एसीला हा गट तेथून बाहेर काढण्यात आला आणि आता तो झेनएसीलोमॉर्फा या वेगळ्या संघात ठेवतात. त्या संघाची प्राणिसृष्टीतली नेमकी जागा अजून वादात आहे. तेव्हा दिसायला चपटा म्हणून त्याला ‘चपटकृमी’ लिहिणे आता चूक ठरेल. सिपंक्युला या गटाचे उलट झाले: तो स्वतंत्र संघ मानला जाई, आता वलयींत सामावला आहे. आक्रसल्यावर हे प्राणी भुईमुगाच्या दाण्यासारखे दिसतात, म्हणून ‘शेंगदाणा-कृमी’ हे भाषांतर आपल्याकडच्या मुलांना लगेच कळेल. त्यांच्यातला ॲस्पिडोसायफन हेटेरोसॅमिया या छोट्या, सुट्या प्रवाळाच्या तळाशी राहतो आणि त्याला वाळूवरून ओढत नेतो, त्यामुळे ते प्रवाळ गाळात गाडले जात नाही.

टिपणात मथळा ‘प्रवाळांवरील कृमी’ असा ठेवावा आणि प्रत्येक प्राण्यापुढे त्याचा संघ लिहावा. जाता जाता, ‘पोवळे’ हा ‘प्रवाल’चाच प्राकृतातून आलेला भाऊ असला, तरी येथे तो टाळलेला बरा, कारण जळगावच्या सराफात पोवळे म्हणून मिळते ते भूमध्य समुद्रातले लाल प्रवाळ प्रवाळभित्ती बांधत नाही.